नियतकालिकाची फी जाते कुठे?

३१ जानेवारी १९२० ही तारीख आंबेडकरी चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असते. त्या दिवशी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. दरवर्षी त्या निमित्ताने आपण व्याख्याने ठेवतो, प्रतिमेला हार घालतो, पत्रकारितेवरची भाषणे ऐकतो. परंतु 'मूकनायक' कसा सुरू झाला एवढेच आपण सांगतो. तो १९२३ मध्ये बंद का पडला, हे सांगताना मात्र आवाज खाली येतो. पत्र पैशावाचून बंद पडते ही गोष्ट आपल्याला कमीपणाची वाटते. खरे तर कमीपणा बंद पडण्यात नाही. का बंद पडले याचा हिशेब न मांडण्यात आहे.

हा हिशेब आज महाविद्यालयाच्या दारात मांडण्याची वेळ आली आहे. कारण आपल्या मुलामुलींच्या हातातले पहिले छापील व्यासपीठ, म्हणजे महाविद्यालयाचे नियतकालिक आणि भिंतीवरचे भित्तिपत्रक, आज गुपचूप मरत आहे आणि कोणी अश्रू ढाळताना दिसत नाही.

आपल्याकडे अमेरिकेसारखे विद्यार्थ्यांचे दैनिक वर्तमानपत्र कधी रुजले नाही. सांगली जिल्ह्यातील विटा हे खानापूर तालुक्याचे ठिकाण घ्या. दुष्काळाने पिढ्यान्‌पिढ्या होरपळलेला हा भाग. त्या दुष्काळानेच इथल्या माणसाला सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पाठवले. गावात यंत्रमाग आले, कुक्कुटपालन आले आणि पुढे टेंभू योजनेचे पाणीही आले. रयत शिक्षण संस्थेचे बळवंत महाविद्यालय इथे उभे राहिले, पाठोपाठ इतर संस्थांची महाविद्यालये आली. आसपासच्या खेड्यांतून, वस्त्यांतून, तांड्यांतून एस.टी.ने आणि वडापने मुले-मुली इथे शिकायला येतात. त्यातली कितीतरी आपल्या घरातली महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच असतात. अशा मुलाला स्वतःचे नाव पहिल्यांदा छापलेले दिसते ते वर्तमानपत्रात नव्हे, महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात. पहिला लेख चिकटतो तो भित्तिपत्रकावर. त्या चार ओळींची किंमत ज्याच्या घरात आधी कधी कोणाचे नाव छापून आले नाही त्यालाच कळते.

हा प्रश्न कोणा एका महाविद्यालयाचा नाही, विट्याचाही नाही. विटा ते गडचिरोली सगळीकडे थोड्याफार फरकाने चित्र हेच आहे. म्हणून इथे कोणावर ठपका ठेवायचा नाही, व्यवहार समजून घ्यायचा आहे.

व्यवहार असा. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला पावती मिळते. त्या पावतीवर शिकवणी शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, ओळखपत्र अशा रकान्यांच्या ओळीत एक रकाना नियतकालिकाचा असतो. रक्कम लहान असते, म्हणून कोणी तिच्याकडे पाहत नाही. परंतु लहान रकमेला विद्यार्थिसंख्येने गुणले की ती लहान राहत नाही. समजा दोन हजार विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाकडून पन्नास रुपये घेतले, तर वर्षाला एक लाख रुपये जमा होतात. एक लाखात वार्षिक अंक निघतो की नाही हा प्रश्न छापखान्याच्या दरपत्रकाचा आहे. परंतु या एक लाखाचे काय झाले हा प्रश्न विद्यार्थ्याच्या हक्काचा आहे. अंक निघाला तर किती प्रती काढल्या? प्रत्येक वर्गणीदाराला, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला, प्रत मिळाली का? अंक निघाला नाही तर ते पैसे पुढच्या वर्षीच्या अंकासाठी राखून ठेवले की इमारतीच्या रंगरंगोटीत विरघळले?

इथे आपल्या वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीत, शासन कोणकोणते शुल्क भरणार याची यादी वर्षानुवर्षे दिलेली होती. नोंदणी, शिकवणी, खेळ, विद्यार्थी संघ, ग्रंथालय, वैद्यकीय तपासणी यांच्याबरोबर त्या यादीत 'नियतकालिक' हा शब्द स्पष्टपणे होता. याचा अर्थ काय? मागासवर्गीय विद्यार्थी फुकट शिकतो असे जे कुजबुजत बोलले जाते, ते या रकान्यापुरतेसुद्धा खोटे आहे. त्याच्या वाट्याची वर्गणी शासनाने मोजली आहे. तो त्या अंकाचा आश्रित नाही, वर्गणीदार आहे. संपादक मंडळात बसणे आणि आपला लेख छापून मागणे हा त्याच्यावरचा उपकार नाही.

मग या शुल्काला गळती कुठे लागते? पहिली गळती शिष्यवृत्तीच्या उशिराची. २०१८ पासून शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना बदलली. पाच वर्षांसाठी सुमारे ५९ हजार कोटी रुपये मंजूर झाले आणि केंद्राचा वाटा ६० टक्के ठरला. कागदावर हे चांगले आहे. परंतु ज्या वर्षीचे पैसे त्या वर्षी हातात पडत नाहीत, त्या वर्षीचा अंक त्या पैशातून निघू शकत नाही. प्राचार्य म्हणतात, शासनाकडून येणे बाकी आहे. शासन म्हणते, महाविद्यालयाने अर्ज पुढे पाठवले नाहीत. या दोघांच्या मधे अंक अडकतो आणि अंकाबरोबर आपल्या मुलाची कविताही अडकते.

दुसरी गळती कागदाची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. शालेय वह्यांवरचा कर शून्य झाला, याचे स्वागतच आहे. परंतु लिहिण्या-छापण्याच्या साध्या कागदावरचा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. छापून तयार झालेल्या पुस्तकावर कर नाही, वर्तमानपत्रावर कर नाही, पण ज्या कागदावर छापायचे तो महागला. मोठ्या वृत्तपत्राला अख्खा कारखानदार जाहिरात देतो, त्याचे निभावते. वर्षाकाठी पाचशे प्रती काढणाऱ्याच्या मात्र हा फरक थेट पानांवर येतो. पाने कमी करायची म्हटली की प्राचार्यांचे मनोगत कमी होत नाही, अहवाल कमी होत नाही, मान्यवरांच्या स्वागताची रंगीत छायाचित्रे कमी होत नाहीत. कमी होते ती विद्यार्थ्यांची गोष्ट.

तिसरी गळती जाहिरातीची. शुल्क पुरले नाही की प्राध्यापक आणि विद्यार्थी गावात जाहिराती मागायला फिरतात. सराफी पेढी, पतसंस्था, दूध संघ, खासगी क्लास, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. जाहिरात देणाऱ्यात वाईट काही नाही. परंतु ज्या गावात चार घरांच्या जाहिरातींवर अंक उभा आहे, त्या अंकात त्या चार घरांना न आवडणारे काही छापले जाईल का? यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलाने आपल्या मजुरीचा हिशेब लिहिला, तर तो लेख 'विषय बरा आहे, भाषा थोडी सुधारा' असे म्हणून परत येतो. भाषा कितीही सुधारली तरी तो छापला जात नाही. याला कोणी सेन्सॉरशिप म्हणत नाही, 'जागेअभावी' म्हणतात.

कोरोनाच्या काळात, म्हणजे २०२० नंतर, चौथी वाट निघाली. अंक छापायचाच नाही, पीडीएफ करून संकेतस्थळावर टाकायचा. खर्च वाचतो, मूल्यांकन समितीला दाखवायला पुरावाही होतो. मोबाईलवर अंक वाचण्यात गैर काही नाही. परंतु छपाई गेल्यावर छपाईचे शुल्कही जायला हवे ना? आणि ज्या आईने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात खुरपण केले, तिला लेकीचे छापलेले नाव पीडीएफमध्ये कसे दाखवायचे? घरातल्या फळीवर ठेवता येणारा तो अंक म्हणजे त्या घराचे पहिले ग्रंथालय असते.

पैसा ज्याच्या हातात, लेखणी त्याच्या ताब्यात, हा नियम काही आजचा नाही. 'मूकनायक' निघत असल्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, ही गोष्ट खुद्द बाबासाहेबांनी पुढे नोंदवून ठेवली आहे. म्हणजे जागा विकत घेण्याचीसुद्धा मुभा नव्हती. अशा वेळी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि पत्र उभे राहिले. परंतु देणगी पत्राला जन्म देते, जगवू शकत नाही. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले, आणि मागे वर्गणीदारांचा पाया पक्का नसलेले पत्र तीन वर्षांत थांबले.

महाडच्या सत्याग्रहानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. बाबासाहेबांना अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढावे लागले, तेही कसलाही मोबदला न घेता. पत्राचे समाजावर ऋण आहे की नाही, असा रोकडा सवाल त्यांनी १९२८ मध्ये अग्रलेखातून वाचकांना विचारला. बॅरिस्टर झालेल्या माणसाने वर्गणीसाठी समाजापुढे अशी जाहीर हाक घालावी, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे. ते भीक मागत नव्हते, वाचकाला मालक व्हायला सांगत होते. १५ नोव्हेंबर १९२९ ला तेही पत्र थांबले. पुन्हा २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' निघाला आणि तो १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' होईपर्यंत चालला. एक पत्र बंद पडले म्हणून दुसरे काढायचे नाही, असे त्यांनी कधी ठरवले नाही.

त्यांच्याही आधीचा दाखला घ्या. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात काढलेला 'दीनबंधु' पैशाच्या ओढाताणीत सापडला, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईला नेऊन जगवला. मुकुंदराव पाटलांनी तर कमालच केली. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून 'दीनमित्र' चालवला, आणि १९१० पासून १९६७ पर्यंत तो तग धरून राहिला. शहर नाही, मोठी पेढी नाही, तरी अर्धशतकाहून अधिक काळ! खेड्यातून पत्र चालत नाही असे म्हणणाऱ्याने एकदा तरवडीचे नाव आठवावे.

आणि विट्याला लांब जायची गरजच काय? शेजारच्या आटपाडीचे शंकरराव खरात तराळकीचे जिणे जगणाऱ्या घरातून वर आले. वकील झाले, लेखक झाले, 'प्रबुद्ध भारत'चे संपादन केले. मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ च्या जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. याच जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांना शाळेत टिकता आले नाही, तरी त्यांच्या लेखणीने जग पाहिले. या मातीत लिहिणारे कमी नाहीत, लिहिलेले छापणारे कमी आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठीच महाविद्यालयाचे नियतकालिक हवे. औरंगाबादला १९६७ मध्ये 'अस्मिता' निघाली आणि पुढे 'अस्मितादर्श' नावाने डॉ. गंगाधर पानतावण्यांनी ती अखेरपर्यंत चालवली. तिच्या मागे मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणात घडलेली पिढी होती. दलित साहित्य आकाशातून पडले नाही. महाविद्यालयाच्या आवारात लिहू लागलेल्या पोरांनी ते उभे केले.

आता जरा बाहेरच्या जगाकडे पाहू. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथे १८७७ पासून 'स्पेक्टेटर' नावाचे विद्यार्थ्यांचे पत्र निघते. ज्या वर्षी पुण्यात 'दीनबंधु' निघाला त्याच वर्षी ते सुरू झाले. ते विद्यापीठाच्या तिजोरीवर चालत नाही. विद्यार्थ्यांची स्वतंत्र संस्था ते चालवते. अशा श्रीमंत परंपरेच्या पत्रालाही छापील दैनिक परवडेना, तेव्हा २०१४ मध्ये त्यांनी छापील अंक साप्ताहिक केला. पैशाची अडचण त्यांनाही आली. परंतु काय कमी करायचे याचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला.

याउलट इंडियाना विद्यापीठाचे उदाहरण. तिथले विद्यार्थ्यांचे पत्र १८६७ पासूनचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या प्रशासनाने, छापील अंकात बातम्या नकोत, असे सांगितले. विद्यार्थ्यांच्या पत्राचे सल्लागार असलेल्या अधिकाऱ्याने ते मानले नाही, तेव्हा त्याला काढून टाकले आणि पाठोपाठ छापील अंकच बंद केला. कारण दिले ते तोट्याचे. पण तोटा होता म्हणून बातम्या का नकोत, याचे उत्तर कोणी दिले नाही. मग शेजारच्या पर्ड्यू विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या पत्राने विशेष अंक छापून त्या गावात नेऊन वाटला. देशभर टीका झाली आणि त्याच महिन्याच्या शेवटी प्रशासनाला माघार घ्यावी लागली. त्या दोन विद्यापीठांत मैदानावर कडवी स्पर्धा असते. तरी एकाचा छापखाना बंद झाला तेव्हा दुसऱ्याने आपला उघडला. आपल्याकडे एका महाविद्यालयाचे भित्तिपत्रक फाडले गेले, तर शेजारच्या महाविद्यालयातले विद्यार्थी आपल्या भिंतीवर ते लावतील का?

आपल्या देशातही असे घडले आहे. २०१५ च्या मे महिन्यात मद्रास आयआयटीने आंबेडकर-पेरियार अभ्यास मंडळाची मान्यता काढून घेतली. निमित्त होते एका पत्रकाचे. देशभर आवाज उठल्यावर जूनमध्ये ती परत द्यावी लागली. साधे पत्रक, परंतु मान्यता आणि खोली ज्याच्या हातात होती त्याला ते सहन झाले नाही. त्यानंतर काही महिन्यांतच, १७ जानेवारी २०१६ रोजी, हैदराबादला रोहित वेमुला गेला, तेव्हा त्याच्या फेलोशिपचे सात महिन्यांचे पैसे थकलेले होते. पैसा थांबवणे हा बोलणाऱ्याला थांबवण्याचा सर्वांत बिनबोभाट मार्ग असतो.

आता कोणी विचारील, विद्यार्थ्यांनीच आवाज का उठवला नाही? उठवायचा कोठून? महाराष्ट्रात १९९३-९४ पासून महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा आणली, पण निवडणुका लांबणीवरच पडत राहिल्या. निवडून आलेला प्रतिनिधी नसेल तर नियतकालिकाच्या शुल्काचा हिशेब विचारणार कोण? संपादक मंडळ नेमले जाते. जो सरांच्या जवळचा तो विद्यार्थी-संपादक. त्यात कोणत्या वस्तीतले नाव सापडत नाही हे सांगायला हवे का?

तक्रार इथे संपवू. चळवळीने करायचे काय ते आता पाहू.

पहिली गोष्ट, हिशेब मागा. अनुदानित महाविद्यालय शासनाच्या पैशावर चालते, म्हणून त्याला २००५ चा माहिती अधिकार कायदा लागू आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ. गेल्या तीन वर्षांत नियतकालिक शुल्क किती जमले, त्यातले शिष्यवृत्तीतून किती आले, अंकावर किती खर्च झाले, प्रती किती छापल्या, शिल्लक किती, एवढे पाच प्रश्न पुरेत. भांडणाची भाषा नको, आकडे मागा. ज्या प्राचार्यांचा व्यवहार स्वच्छ आहे ते आनंदाने देतील, आणि असे प्राचार्य पुष्कळ आहेत. हा हिशेब दरवर्षी सूचनाफलकावर लागला तर अर्जाचीही गरज उरणार नाही.

दुसरी गोष्ट, श्रमाला दाम. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही योजना याच सातारा-सांगलीच्या मातीत रुजवली. कमवा-शिकातला विद्यार्थी बागेला पाणी घालतो, ग्रंथालयात पुस्तके लावतो. मग तोच विद्यार्थी अंकाचे टंकलेखन, मुद्रितशोधन, मांडणी का करणार नाही? संपादनाचे काम फुकट असेल तर ते ज्याच्या घरी दुपारच्या भाकरीची चिंता नाही तोच करील. ज्याला सुट्टीच्या दिवशी मजुरीला जावे लागते, त्याला संपादक व्हायचे तर त्या तासांचा मोबदला मिळाला पाहिजे. लेखणी आपल्या मुलांच्या हातात का येत नाही याचे हे साधे आर्थिक कारण आहे, गुणवत्तेचे नाही.

तिसरी गोष्ट, स्वतःचा कागद. शुल्कातून निघणारा वार्षिक अंक हक्काने मिळवायचाच, पण सगळा भरवसा त्यावर ठेवायचा नाही. महिन्याला एक मोठा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, मधे दुमडून चार पाने. छपाईला छापखाना नको, झेरॉक्सचे दुकान पुरते. समजा शंभर वाचकांनी महिन्याला दहा रुपये दिले, तर हजार रुपये होतात. तेवढ्यात जेवढ्या प्रती निघतील तेवढ्या काढाव्यात. विषय शोधायला दूर जायला नको. शिष्यवृत्ती कुठे अडली, वसतिगृहाच्या खाणावळीत काय मिळते, सायंकाळची एस.टी. का चुकते, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का, यंत्रमागावरच्या पाळीचा दर काय. पण छापण्याआधी प्रत्येक गोष्ट दोनदा पडताळा. चुकीची बातमी विरोधकाच्या हाती दिलेले कोलीत असते.

चौथी गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे नोकरीला लागलेल्यांसाठी. आपण शिकलो, क्लार्क झालो, शिक्षक झालो, गावात घर बांधले. जयंतीच्या मंडपाला आणि ध्वनिक्षेपकाला आपण वर्गणी देतो, द्यावी. त्याच पावतीपुस्तकातली एक पावती विद्यार्थ्यांच्या अंकाची का नसावी? मात्र एकरकमी देणगी देऊन मागच्या पानावर स्वतःचे छायाचित्र छापून घ्यायचे नाही. देणगी देणारा थकला की अंक थकतो. त्यापेक्षा वर्षाची वर्गणी भरा, अंक वाचा आणि तो न आल्यास विचारणा करा. 'का आला नाही?' असे विचारणारा वाचक हीच पत्राची खरी ठेव असते.

भित्तिपत्रकाबद्दल शेवटी थोडेसे. आपल्याकडे १४ एप्रिल, ६ डिसेंबरला पाहुण्यांच्या हस्ते भित्तिपत्रकाचे प्रकाशन होते, टाळ्या पडतात, फोटो निघतो. मग काचेआड तोच कागद पिवळा पडेपर्यंत वर्षभर राहतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्याच जुन्या सातारा जिल्ह्याचा भाग असलेल्या विट्यात, त्या दिवशी प्रकाशनाचा सोहळा नको. त्या दिवशी मागच्या वर्षीचा पिवळा कागद काढावा, नवा लावावा, आणि खाली कोपऱ्यात अंकाचा जमाखर्च लिहावा. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती.

ज्यांना हजारो वर्षे हिशेब विचारू दिला नाही, त्यांच्या मुलांनी लिहायचा पहिला लेख तोच असावा.